एकशेवीस प्रतिसाद हवेत

३ मार्च. सकाळी ६.
संकल्प: याच महिन्यात प्रबंध सादर. नवव्या वर्षी का होईना, डॉक्टर व्हायचंच. विषय: इंग्रजी शिकताना विद्यापीठातल्या मुलांना कोणतं ऑनलाइन वाचन आवडतं. उत्तर मला माहीतच आहे. मी स्वतः लिहून वेबसाइटवर टाकलेले चाळीस उतारे. आता एकशेवीस मुलांनी तसं फॉर्ममध्ये भरलं की झालं. आठ दिवसांचं काम.

६ मार्च.
मार्गदर्शक मॅडमचा फोन. एकतीस तारखेनंतर एक दिवसही मिळणार नाही, म्हणाल्या. प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलंय: यंदा प्रबंध सादर झाला नाही तर जूनपासून शिकवायला येऊ नका. बायकोला हे बोललेलो नाही. उगाच घोर कशाला? होणारच आहे.

९ मार्च.
लिंक पाठवून तीन दिवस. प्रतिसाद चार. त्यातला एक माझा, चाचणीचा. मुलं विचार करून भरत असावीत. चांगलं लक्षण.

१३ मार्च.
एका तासात सत्त्याण्णव! शिपायाला चहा पाजला. मग उघडून पाहिले. सगळे सारखे, स्पेलिंगची चूकसुद्धा तीच. वर्गप्रतिनिधी मुलीला बोलावलं. म्हणाली, सर, तुमचा चेहरा बघवेना, म्हणून मीच भरले. रागवायचं होतं. जमलं नाही.

१५ मार्च.
सत्त्याण्णव पुसले. दोन दिवस ठेवून पाहिले होते, नाकारत नाही.

१८ मार्च.
वर्गाचं दार लावून समोर बसवून फॉर्म भरून घेतले. एकशेबावीस, सगळे खरे! मुलं काय वाचतात? गाण्यांचे बोल, गेमच्या सूचना, सिनेमाखालच्या ओळी, बुटांचे रिव्ह्यू. एकाने लिहिलंय, कमेंटमधली भांडणं. माझे उतारे: शून्य. एकीचं म्हणणं, फोनवर अक्षर मुंगीएवढं दिसतं आणि संपतच नाही. वर्गप्रतिनिधीला विचारलं, तू तरी? म्हणाली, पहिला वाचला सर, त्यातला धूमकेतू फार आवडला. पहिला उतारा पोस्टाच्या तिकिटांवर आहे.

२२ मार्च.
छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, गॅस. निष्कर्ष बदलायचा म्हणजे दोनशे पानं बदलायची. शेवटी बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने ऑफिसात रजा टाकली आणि टायपिंगला बसली. मी सांगतो, ती टाइप करते. मधेच म्हणाली, अहो, मुलं बरोबरच सांगतायत की. मी पुढचं वाक्य सांगितलं.

२८ मार्च.
झालं! मॅडम म्हणाल्या, नऊ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी खरं लिहिलंत. तीन प्रती बांधून घेतल्या. सोनेरी अक्षरं. तीन दिवस हातात आहेत.

२९ मार्च. दुपार.
विद्यापीठात गेलो. बायको हौसेने बरोबर आली. खिडकीतल्या कारकुनाने प्रती हातातही घेतल्या नाहीत. यंदापासून आधी ऑनलाइन अर्ज लागतो, म्हणाला, त्याची मुदत वीसला संपली. मी म्हणालो, मला कोणी कळवलंच नाही. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. जानेवारीतली सूचना, इंग्रजीत, अकरा पानं. मुदत नवव्या पानावर. शेवटी माझ्या नावासमोर बरोबरची खूण: संपूर्ण वाचले, मान्य आहे.

मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, अहो, अर्ज तुम्ही कधीच भरला असेल असं मी धरून चालले होते.

बायकोने हळूच विचारलं, वाचली नव्हतीत? म्हणालो, चाळली होती.

चाळलीही नव्हती.

प्रती भलत्याच जड निघाल्या. परतताना एक तिने घेतली, दोन मी.