निवड कोणाकडे आहे

३ नोव्हेंबर, स्फाक्स, ट्युनिशिया
आज रुजू झाले! टेबलावरून बंदर दिसतं. संध्याकाळी नौफलची होडी परत येताना इथूनच दिसेल. लग्नानंतर एवढी चैन पहिल्यांदाच. रोजनिशीही आता याच संगणकावर.

काम सोपं आहे. हवामानाच्या विंडोत इशारा येतो, त्यावरून माउस ओढून तो निवडायचा, पाठवणीच्या विंडोत जाऊन माउसचं मधलं बटण दाबायचं. मजकूर पडला की गेलाच. समुद्रातल्या सगळ्या होड्यांवर छापून निघतो. तिथे कीबोर्ड चालत नाही. कुणीतरी वाऱ्याचा आकडा चुकीचा टाइप केला होता, म्हणून आमचे साहेब मोन्सेफ (सगळे आदराने ‘सी मोन्सेफ’ म्हणतात) यांनी तो बंदच करून टाकला. भारी डोकं!

शेजारच्या टेबलावरच्या राऊदाने हरिसाची तिखट मिरचीची चटणी लावलेला पाव दिला आणि बजावलं की पाठवण्याआधी निवडीची विंडो बंद करू नकोस. मजकूर कुठे साठवलेला नसतो. पाठवणीची विंडो विचारते, निवड कोणाकडे आहे; जिच्याकडे असेल ती विंडो त्याच क्षणी सांगते. ती बंद झाली की सांगणारं कुणी उरत नाही.

५ नोव्हेंबर
नवख्याची चूक केलीच. हवामानाची विंडो आधी बंद केली आणि मग मधलं बटण दाबलं. काहीच पडायला नको होतं. पडलं ते असं: समुद्र शांत, होड्या निघू शकतात. हे मी निवडलंच नव्हतं. नशीब, समुद्र खरंच शांत होता. राऊदा म्हणाली, जुनं काहीतरी अडकलं असेल. असं काही अडकत नसतं, एवढं मलाही कळतं.

९ नोव्हेंबर
डोकं फिरायची पाळी. जोराच्या वाऱ्याचा इशारा निवडला, विंडो उघडी ठेवली, तरी शांत समुद्रच गेला. पुन्हा पुन्हा केल्यावर एकदाचा खरा मजकूर पडला. तोवर निघालेल्या होड्या तटरक्षकांनी वळवल्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन वर्षं यंत्र गुपचूप चालत होतं. बाई आल्या आणि त्याला भूत लागलं?" कीबोर्ड सुरू करा म्हटलं, तर म्हणे ट्युनिसला अर्ज करा. चडफडत घरी आले.

११ नोव्हेंबर
निवड कोणाकडे आहे, ते यंत्रालाच विचारलं. उत्तर आलं: मागच्या खोलीतला संगणक, वापरणारा हेदी.

राऊदाचा चेहरा उतरला. माझ्या खुर्चीवर आधी सी हेदी होते. वादळाचा इशारा निवडला आणि पाठवणीच्या विंडोत जाता जाता त्यांचा माउस खालच्या, आदल्या दिवसाच्या शांत समुद्राच्या ओळीवरून ओढला गेला. तेवढ्यानेही निवड बदलते. शांत समुद्र गेला. त्यांचा मुलगा होडीवर होता; परत आलाच नाही. नंतर ते मागच्या खोलीत बसून दिवसभर तो इशारा निवडत राहायचे. तिथेच वारले.

जाऊन पाहिलं. संगणक आहे. वीज जोडलेलीच नाही.

१४ नोव्हेंबर, दुपार
वादळ येतंय. नौफल केर्केना बेटांच्या पलीकडे, ऑक्टोपस पकडायला बुडवलेली मडकी उचलायला. बोलायच्या रेडिओचा पल्ला तिथवर नाही; पोचतो तो छापील इशाराच.

पाठवलं. शांत समुद्र. पुन्हा पाठवलं — तेच. यंत्र बंद करून चालू केलं. निवडीचा मालक हेदीच. रडू येतंय, संतापही.

मागच्या खोलीत माउस घासल्याचा आवाज.

राऊदा रडवेली झाली. म्हणाली, "अहलेम, ते वाईटावर नाहीत गं. ते इशाराच निवडतायत. दर वेळी हात सरकतोय त्यांचा."

दाराशी जाऊन सांगितलं, "सी हेदी, माझा नवरा आहे तिकडे. निवड मला द्या."

आवाज थांबला.

धावत टेबलाशी आले, इशारा निवडला, यंत्राला विचारलं. मालक — माझी विंडो! खात्रीसाठी इथे रोजनिशीत मधलं बटण दाबते —

वादळाचा इशारा. सर्व होड्यांनी ताबडतोब परतावे.

आलं. खरं तेच आलं. आता फक्त पाठवणीच्या विंडोत जायचं. माउस धरून ठेवलाय, डाव्या हाताने लिहितेय, उजवा सैल सोडायची भीती वाटते —

हातावर हात आहे. म्हातारा. गार. थरथरतोय. मदत करतोय —

नको सी हेदी, मी करते — बोट दाबू नका — खाली कालची ओळ आहे, माउस तिच्यावरून सर