विरजणाचा दोरा

४ नोव्हेंबर
आले एकदाची! चौलच्या अलीकडे नारळी-पोफळीच्या वाडीत बसलेलं हे ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल, मागच्या अंगाला माझी खोली, आणि लॅबची मी एकटीच मालकीण. परभणीहून निघताना दादा म्हणाला, मजा आहे बुवा तुझी, समुद्रकाठी राहणार. मजाच आहे. आई गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच होत्या. इथल्या भिंतींना निदान नवा रंग आहे.

९ नोव्हेंबर
वॉर्डातल्या मनुबाई मावशींशी ओळख झाली. सगळ्या पेशंटांच्या मनगटाला त्यांनी लाल-पिवळा दोरा बांधलाय. जो पेशंट घरी जातो, त्याच्या दोऱ्याचा एक पीळ काढून ठेवायचा आणि नव्या पेशंटच्या दोऱ्यात वळायचा, अशी इथली रीत. कशासाठी, म्हणून विचारलं.
"विरजण हाय ते, बाय. बऱ्या झालेल्याचा गुण लागतो."
मला हसू आलं. असले न धुतलेले दोरे वॉर्डात नकोत, हे मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं होतं. पण आल्या आल्या कुठे नाक खुपसा, म्हणून गप्प बसले.

१७ नोव्हेंबर
भागोजी म्हणून एक कोळी आजोबा आलेत. शिंगाळा माशाचा काटा पायात घुसून जखम चिघळलीय. त्यांच्या पुवातले जंतू प्लेटवर पसरून वर औषधांच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ रिकामं कडं पडतं. आजोबांच्या प्लेटवर एकच कडं पडलं, तेही चिंचोक्याएवढं. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? सगळे आहेत, मी सांगून टाकलं. खोटंच.

२३ नोव्हेंबर
औषधं लागू पडेनात, तेव्हा भागोजींना घरच्यांनी उचलून नेलं. जायचंच तर आपल्या माणसांत जाऊ दे, म्हणाले. त्यांची खाट रिकामी दिसते आणि उगीच वाईट वाटतं.

३० नोव्हेंबर
रविवार. एकटीच किनाऱ्यावर गेले, पाय घसरला आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपांनी डावा तळहात कापला. मावशींनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मनगटाला दोराही बांधला. लॅबमध्ये मनगटावर काही नको, हा आमचा पहिला धडा. पण गाठ मारून झाल्यावरही त्यांनी माझा हात बराच वेळ दोन्ही हातांत धरून ठेवला. आईनंतर कुणी असा धरला नव्हता. रडू आलं मला. दोरा राहू दिला.

५ डिसेंबर
बायकांच्या वॉर्डात नीराबाईंच्या ऑपरेशनच्या टाक्यांत पू झालाय. जंतू भागोजींच्या जंतूंच्या जातीचे नव्हेत, अगदीच निराळे. तरी प्लेटवर एकही कडं नाही. असं मी आजवर पाहिलेलं नाही. मला भीती वाटते.

९ डिसेंबर
भागोजी आणि नीराबाईंचे नमुने मुंबईच्या लॅबला पाठवले होते, त्यांचा रिपोर्ट आला. दोघांच्या जंतूंत औषधं निकामी करणारा जनुक एकच. जंतू तो एकमेकांना देतात, जातीबाहेरही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पण हे दोन पेशंट शेजारी कधी आलेच नव्हते.
काल शंका आली म्हणून नीराबाईंच्या दोऱ्याचा तुकडा चकत्यांबरोबर प्लेटवर ठेवला होता. आज प्लेट भरून गेलीय. दोन्ही जातींचे जंतू, आणि कडं कुठेच नाही.
मावशींना विचारलं, यात पीळ कुणाचा? भागोजींचा, म्हणाल्या. घरी गेले ना ते.
"तुझ्या दोऱ्यात बी त्यांचाच हाय, बाय. तुझं कोन न्हाय हितं, म्हून चांगला जाड घातलाय."

१० डिसेंबर
दोरा कापून टाकला. तळहाताची खपली ओली आहे. नीराबाई दुपारी गेल्या. मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं — महिनाभर उशिरा. त्यांनी वॉर्डातले सगळे दोरे कापून जाळायला लावले. मावशी जिन्यात बसून रडत होत्या. मला थंडी वाजतेय.

१२ डिसेंबर
टोकाच्या खोलीत ठेवलंय मला. हात कोपरापर्यंत सुजला. माझी प्लेट नर्सने काचेतून दाखवली. मी नीट पाहिली. पुन्हा पाहिली. एकही कडं नाही.
दादाने फोन उचलला नाही.

१३ डिसेंबर
ताट दाराशी ठेवतात. औषध देणारी मुलगी हात लांब करून देते — बरोबरच आहे तिचं. प्लेटवर पडलं नाही ते कडं माझ्याभोवती पडलंय. मधोमध मी —

१४ डिसेंबर
ताप. अक्षर नीट येत नाही —
मावशी आल्यात. हातमोजे न घालताच. खाटेवर बसून माझा हात मांडीवर घेतलाय — गार वाटतंय — त्यांच्या बोटाला कोयतीचं कापलंय, ताजं. म्हावरं साफ करताना लागलं असेल —
जा म्हणायला हवं. हात सोडा म्हणायला हवं.
सांगते. थोडं थांबून सांगते — अजून थोडा वेळच फक्त —