अकोल्याच्या मशीनीला मुंबईहून जाग

१२ सप्टेंबर १९६८
पुन्हा तेच! बदलीचं विचारलं, तर भगवंतराव साहेब आजही ‘बघू’ म्हणाले. बघून बघून माणूस थकत कसा नाही? अकोला आणि अमरावती ब्रँचच्या हिशेबाच्या मशीनी रोज सकाळी कोऱ्या उठतात. कालचं काही आठवत नाही. भोकं पाडलेली कागदी पट्टी भरवली की मगच कामाले लागतात. त्यासाठी अकोल्याले ऑपरेटर नेमणार आहेत. तो मीच. चौथी शिकलो म्हणून काय झालं? इथं मुंबईत पट्टी मीच भरवतो. बायको सत्यभामा अकोल्याजवळ हिवरखेडले, पोरगं मले पाहून भोकाड पसरते. साहेबाले हुशारी दाखवली की बदली पक्की.

१६ सप्टेंबर
आयडिया! इथल्या पट्टीसारखीच पट्टी टेलिप्रिंटरच्या तारेवर तिकडं निघते. ती निघाल्या निघाल्या मशीनच्या तोंडात गेली तर? मुंबईत एकदा भरवली की दोन्ही मशीनी आपोआप जाग्या. साहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, तिकडं माणूस नको? म्हणलं, अजिबात नको! जाम खूष. बदली झालीच समजा.

२० सप्टेंबर
अकोल्याचा शिपाई पंजाबराव आमच्याच गावचा. कामाच्या नावाखाली ट्रंक कॉल लावून सांगितलं. तो म्हणे, “तिकडूनच सारं होते, मंग तुले इकडं कावून धाडतील बे?” जळते. शिपायाले टेक्निकल समजत नाही.

३० सप्टेंबर, खंडेनवमी
ट्रायल. मागे तीन साहेब उभे. अमरावती जागी झाली. अकोला ठप्प. फोनवर पंजाबराव म्हणे, “सकाळी पूजा केली ना! हार घातला, डोळ्याले कुकू लावलं.” म्हणजे भोकं वाचायच्या काचेले! म्हणलं, कपाळाले लावायचं ना! “कपाळ कुठं हाय ते तूच सांग, ऑपरेटरसाहेब.”
भगवंतराव म्हणाले, राहू दे, तिकडं माणूसच ठेवू. मी ऐकतो काय? हातापाया पडून एक चान्स मागून घेतला.

४ ऑक्टोबर
पंजाबरावानं काच पुसली. दोन्ही मशीनी पहिल्या झटक्यात जाग्या! साहेबांनी हात मिळवला. सत्यभामेले पत्र टाकलं, भांडी बांधून ठेव, अकोल्यात खोली पाहतो.

७ ऑक्टोबर
ऑर्डर. अकोल्याची जागा रद्द, गरज उरली नाही. पट्टी रोज मीच भरवायची, मुंबईहून. दिवाळीतही. साहेबाले म्हणलं, मशीनचा काय भरवसा? हसले. तू आहेस ना, म्हणाले.

८ ऑक्टोबर
पंजाबरावाले विनवलं, रोज सकाळी प्लग काढून ठेव ना बापा. तो म्हणे, “माही नोकरी जाईन, अन् तुही बी. झोप गुमान.”
यात माझी चूक काही नाही. आयडिया चांगलीच होती.

१४ ऑक्टोबर
सत्यभामेनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं आहे. भांडी बांधली, चहाले कप नाही, कवा येता?
सकाळी पट्टी भरवली. अकोला लगेच जागी.
पोस्टात जाऊन आलो. गाडीच्या तिकिटासाठी पैसे वेगळे ठेवले होते तेही घातले. मनीऑर्डर, त्रेचाळीस रुपये.