चढत्या भाजणीचे मणके

३ फेब्रुवारी, सकाळ
अत्यंत जड अंतःकरणाने नोंदवतो की विभागातल्या माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. सही करायला टेकलं की डुगडुगतं. इतकी वर्षं शरीररचना शिकवणाऱ्या माणसाला हे टेबल, आणि आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे डुलकीसाहेबांना, फिरती खुर्ची! ती फिरते, ते झोपतात. लवकरच निवृत्त होतायत. जागा मला की नव्या बाईंना, ते वीस तारखेच्या सेमिनारवर ठरणार. नव्या बाई म्हणजे माझ्या मागून लागलेल्या लेक्चरर. अजून पुस्तक बघून शिकवतात. स्पर्धाच नाही.

६ फेब्रुवारी
विषय ठरला. पाठीच्या कण्याचे मणके, वरून खाली, एकेकाची रुंदी-उंची. इतकं सोपं, म्हणूनच कुणाला सुचलं नाही. तारेत ओवलेला कणा कपाटातून काढला. नव्या बाई म्हणाल्या, सर, तार काढायच्या आधी प्रत्येकावर शाईने नंबर घाला हं. म्हटलं, नंबर धोबी घालतात, कपड्यांवर. मी मणका नुसता बघून ओळखतो.
तार काढली.

७ फेब्रुवारी
मोजणी आजच सुरू करणार होतो. टेबल डुगडुगतं. उद्यापासून नक्की.

१२ फेब्रुवारी
हाडं घरी आणली. बायको म्हणाली, जेवायच्या टेबलावर हा कोण बसलाय? संशोधन, म्हटलं. म्हणाली, मग त्यालाही वाढू का? आणि सगळं परातीत लोटून दिलं. या घरात विज्ञान रुजणं कठीण.

१३ फेब्रुवारी
मानेचे मणके ओळखले, त्यांना बाजूला भोकं असतात. कमरेचे धिप्पाड, तेही ओळखले. मधले, बरगड्यांचे, जरा सारखे दिसतात. जरा म्हणजे बरेच. पण तोडगा काढला. लहान वर, मोठे खाली, असे रांगेत मांडले. याला डोकं लागतं.

१५ फेब्रुवारी
मोजले. बरगड्यांचा दर मणका वरच्यापेक्षा रुंद, अपवाद एकही नाही! पुस्तकात म्हणे पहिल्यापासून चौथ्यापर्यंत रुंदी घटते, मग वाढते. लिहिणाऱ्यानं मणका कधी हातात तरी धरला होता का? पिढ्यान् पिढ्या पोरं चुकीचं घोकतायत. नियमाला माझं नाव द्यावं की विनय पाळावा? बायकोला विचारलं. म्हणाली, आधी परात द्या.

२० फेब्रुवारी, दुपार
सेमिनार. आलेखाची रेघ अशी चढली की माझाच ऊर भरून आला. डुलकीसाहेब डोळे मिटून. शेवटी, न उघडताच, म्हणाले, क्रम कसा लावलास रे? सांगितलं, आकारानं. ते म्हणाले, म्हणजे पोरांना उंचीप्रमाणे उभं केलंस, आणि शोध लावलास की पोरं उंचीप्रमाणे उभी आहेत?
सभागृह हसलं. मीही हसलो. जरा उशिरा.
नव्या बाई हसल्या नाहीत. ते जास्त लागलं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
जागा बाईंना. सभागृहात राहिलेली हाडं आणायला गेलो तर बाई एकेका मणक्याचा सांधा दुसऱ्यावर बसवून बघत क्रम लावत बसलेल्या. वर न बघता म्हणाल्या, सर, तुम्ही घरी जा. तुमचा चारचा तास मी घेतला. पोरांना सांगितलं, सरांना ताप आहे.
ताप नव्हता.

२२ फेब्रुवारी
बाईंची मुलगी आजारी, त्यांना उशीर होणार असं कानावर आलं. त्यांचा आठचा तास घेतला. विषय पाऊल. फळ्यावर नाव त्यांचंच राहू दिलं. त्या धापा टाकत आल्या म्हणे, तेव्हा हजेरीपट त्यांच्या टेबलावर ठेवून मी मागच्या जिन्याने निघून गेलो होतो.