काखेतला चेंडू

कॅन्सस, मंगळवार, ऑक्टोबर १९५१

तीर्थरूप ऑर्विलकाकांना डेल्बर्टचा नमस्कार. तुमची कंबर, एडाकाकूंचा दमा आणि नवी डुकरीण यांची प्रकृती बरी असावी. अक्षराबद्दल क्षमा करा, डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा हात शाबूत आहे, पण त्याच्या काखेत चेंडू आहे.

गेल्या शनिवारी फुटबॉलच्या सामन्यात गोलरेषा हातभर उरली असताना माझ्या हातून चेंडू निसटला, हे तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. ज्याला कॉलेजने चेंडू काखेत घेऊन धावण्यासाठीच पोसलंय त्यानेच तो टाकला, म्हणून आमचे कोच हार्गिस यांनी नेहमीची शिक्षा फर्मावली. येत्या शनिवारच्या सामन्यापर्यंत जेवताना, झोपताना, वर्गात, चेंडू काखेतच. जो कुणी तो पाडून कोचकडे नेईल त्याला शाबासकी, आणि मी सामनाभर न खेळता बाकावर. तुम्ही सगळं घरदार ट्रकमध्ये घालून मला बघायला येणार, म्हणून मी चेंडू जिवापाड जपतो आहे. पण काका, माणसांवरचा विश्वासच उडाला. खोलीतला एमिल आल्यापासून माझा साबण न विचारता वापरतो, तो काल विचारायला लागला (संशय येणारच). खानावळीतल्या टटलबाईंनी एकदम दोन ताटं पुढे केली. चॅपलमध्ये पाद्रीबाबा हात जोडायला सांगताना माझ्याकडेच बघत होते. मी एका हाताने प्रार्थना उरकली (देवाने समजून घ्यावं).

सगळ्यात मोठा संशय नॉर्माचा. मुलगी गुणाची, पण तिचा भाऊ वॉल्टर आमच्या संघात राखीव. मी बसलो की तो धावणार. काल नाचताना आमच्या दोघांच्या मध्ये चेंडू होता. ती म्हणाली, "डेल्बर्ट, एकदा तरी दोन्ही हातांनी धर की मला."

मी म्हटलं, "शनिवारनंतर."

"मग शनिवारनंतरच ये," म्हणाली आणि तरातरा निघून गेली. मला फार वाईट वाटलं. तरी चेंडू सोडला नाही.

तुमचा,
डेल्बर्ट

ता. क. जाड कांबळी आणा. मैदानावर गारठा असतो.

आणखी एक ता. क. इथून पुढे अक्षर सुधारलेलं दिसेल. मघाशी नॉर्मा वसतिगृहाच्या दाराशी येऊन रडायला लागली. मी दोन्ही हात पसरले. चेंडू पायऱ्यांवरून गडगडत गेला, आणि खाली वॉल्टर उभा होता. त्याला फक्त सोबतीला आणलं होतं, असं ती शपथेवर सांगते. माझा तिच्यावर विश्वास आहे. तुम्ही मात्र या, मी बाकावर असेन. कोच बाकावरच्यांना मागे वळू देत नाहीत, म्हणून एवढंच करा: नॉर्माला एडाकाकूंच्या शेजारी बसवा, आणि वॉल्टर धावायला लागला की ती टाळ्या कशा वाजवते ते बघून मला सांगा.