पप्पा, चार कार्बोरेटर बसवले
पप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वसईतल्या आपल्या गॅरेजच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. आणि मी इथे दोहात, मदिनत खलीफामधल्या एका व्हिलाच्या मागच्या पोर्शनमध्ये बसून तुम्हाला हाका मारतेय. दुसऱ्या कोणाला मारू? तुमच्या जावयाची वाचा गेली, पप्पा. तोच तो, ज्याला बघून तुम्ही म्हणाला होता, पोरीने नवरा केलाय की रेडिओ स्टेशन. ऑफिसात खुर्चीवरून कोसळला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. पायात थोडी ताकद आली, तोंडातून मात्र एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणतात त्याला समजतं सगळं, पण तो प्रयत्नच करत नाही. बोलायला शिकवणारी बाई चित्रांची कार्डं दाखवते, कप, मासा, घर, आणि हा भिंतीकडे तोंड फिरवतो. मागच्या खेपेला त्याने ती कार्डं डाव्या हाताने उधळून दिली. तिने मला बाहेर बोलावून सांगितलं की सुरुवातीचे महिने असेच फुकट गेले तर पुढे फार कठीण जाईल. त्याला जीव की प्राण असं घरात काही आहे का, असंही विचारलं. म्हटलं, आहे ना. माझी सवत आहे, बाहेर शेडखाली.

सवत म्हणजे त्याची गाडी. सुटे भाग मागवून घरी जोडायची, दोन सीटची, बिनछपराची. इंजिन भंगारातल्या एका जुन्या कारचं. सगळ्यांनी सांगितलं, बाबा रे, ही रस्त्यावर काढायला तुला परवानगी मिळणार नाही. तर म्हणे, नको मिळू दे, मी कंपाउंडमध्ये गोल गोल फिरवीन. आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? त्याला त्या इंजिनावर मोटरसायकलचे चार कार्बोरेटर बसवायचे होते, प्रत्येक सिलिंडरला एकेक. जुनं सगळं सोडवून झालं होतं, नवे कार्बोरेटर आणून झाले होते, आणि तेवढ्यात हे झालं. ते चार एका ओळीत, जुन्या टॉवेलात गुंडाळून जेवणाच्या टेबलावर पडून होते. मी रोज ते बाजूला सारून ताट मांडायची. मग एके दिवशी मला वाटलं, हेच. हे इंजिन सुरू झालं तर हा बोलेल. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. पण बुडत्याला काडीचा आधार, पप्पा, आणि माझ्याकडे दुसरी काडी नव्हती.

कार्बोरेटरबद्दल मला जे येतं ते तुमच्याकडून. आठवतंय ना, दुपारची वेळ आहे, आईने जेवायला हाक मारलीय, आणि तुम्ही मला त्या दोन सिलिंडरच्या मोटरसायकलपाशी उकिडवं बसवलंय. रबरी नळीचं एक टोक माझ्या कानात, दुसरं तुम्ही एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरता, मग दुसऱ्याच्या. दोघं सारखीच हवा ओढताहेत का, सांग. मी घाईने स्क्रू पिळला तर तुम्ही केवढ्याने ओरडलात! "अगं, मुंडी मुरगाळायला ती काय कोंबडी आहे?" गॅरेजमधली सगळी माणसं हसली आणि मी रडत घरी पळाले. लग्नात तुम्ही मला तोच लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर दिलात आणि आई कपाळाला हात लावून बसली. सोन्याच्या बांगड्या कधीच विकल्या, पप्पा. स्क्रूड्रायव्हर आहे.

शुक्रवारी चर्चमधली मिस्सा बुडवली आणि कामाला लागले. रबरी जोड लावून चारही बसवले, पट्ट्या आवळल्या. लेक दारात येऊन म्हणाली, "मम्मा, धिस इज क्रेझी." म्हटलं, असेल, पाना दे. सेल्फ मारला तर इंजिन खोकलं, आणि चारही कार्बोरेटरमधून पेट्रोल भळाभळा खाली. शेजारच्या पोर्शनमधले राजापूरचे चाचा, एसीचं काम करतात, धावत आले. "भाभी, एक ठिणगी पडली तर खलास! काय करता हे?" मी तिथेच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. मग ट्यूब पेटली. गाडीला पंप आहे आणि तो पेट्रोल जोराने ढकलतो. तुमच्या मोटरसायकलींना टाकी वरच असायची, आपोआप उतरायचं. मी मोटरसायकलवाल्याची मुलगी, मला पंप काय ठाऊक! सगळं पुसून, वाळवून, पंप काढून टाकला. तुम्ही सलाईनची बाटली टांगून इंजिन तपासायचात ना, तशी पेट्रोलची एक बाटली चाचांकडून कपडे वाळत घालायच्या तारेला टांगून घेतली आणि नळी जोडली.

मग त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. तो शेडच्या खांबाकडे बघत बसला. सेल्फ मारला. इंजिन लागलं! आधी अडखळत, तीन पायांवर चालावं तसं. मी कानाला नळी लावली. पहिला जास्त ओढत होता, चौथा जवळजवळ नाहीच. तुमचा स्क्रूड्रायव्हर घेऊन हळूहळू, कोंबडी न मारता, चारही सारखे केले. आणि पप्पा, काय आवाज लागला! चाचा म्हणाले, "माशाल्ला." मी वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. तसाच बसलेला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. माझं डोकं फिरलं. किती दिवस याला भरवते, पुसते, नोकरी करते, हसते. मी त्याच्या अंगावर ओरडले, "बोल ना रे! शिव्या दे! चुकलं म्हण, काहीही म्हण! मेलास का तू?" लेक रडायला लागली. चाचांनी मान खाली घातली. इंजिन आपलं चालूच.

आणि त्याचा डावा हात उठला. डोळे मोठे झाले, तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा ताठ. "ब... ब... बंद." मी बघतच राहिले. तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने, "बंद!" मी कानामागे हात धरून विचारलं, काय? काय म्हणतोस? त्याने खुर्चीवर मूठ आपटली आणि किंचाळला, "बंद कर, बये!"

तेव्हा कुठे मी चावी फिरवली. एव्हाना गरम लोखंडाचा वास सगळीकडे पसरला होता. चाचांनी रेडिएटरचं झाकण काढलं तर आत ठणठणाट, थेंबभर पाणी नाही. त्याने आजारी पडायच्या आधीच ते काढून ठेवलेलं आणि त्याला ते लक्षात होतं. मला सुचलंच नाही. तुमच्या मोटरसायकली वाऱ्यावर थंड व्हायच्या, पाणी कधी लागलंच नाही. चाचा म्हणाले, इंजिन बहुतेक गेलं. तो माझ्याकडे असा बघत होता, जसा लग्नानंतर मी पहिल्यांदा भात करपवला तेव्हा बघत होता. मी त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि तो डाव्या हाताने माझ्या टाळक्यात मारत राहिला, बंद, बंद, बंद.

हे पत्र कुठे टाकू मी? गॅरेजचा पत्ता राहिला नाही आणि तुमच्या कबरीवर पोस्टमन जात नाही. राहू दे उशाखाली. आणि बरंच आहे की तुम्ही वाचणार नाही, कारण चालू इंजिन कोणी जाणूनबुजून जाळलं तर तुम्ही त्याचं तोंडही बघत नव्हता. पप्पा, त्याचं ते 'बंद' मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.