दोन डाव्या बाह्या

सोमवार, दुपार

तुझा कोट कुठं अडला हे विचारायला आधी बापाला पाठवलंस, मग आईला, आणि ते पुरलं नाही म्हणून समोरच्या बटणवाल्याला फोन केलास. तिघांनी मिळून माझं डोकं खाल्लं. स्वतः दोन ओळी लिहायला हात मोडले होते का तुझे? मी दुसरीतून शाळा सोडली, तरी लिहितेय. तू तर पोरांना शिकवतेस.

बरं. मिरचे, तुला आजीचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या बापाचं पोट सुटलंय, आईचं तोंड आधीपासूनच सुटलेलं आहे. मशीनला नवा पट्टा बसवला. तुझ्या भावाची मुलगी गोरी आहे म्हणतात. असेल.

कोट होणार नाही. मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. एक बाही कापली की मापाचा कागद उलटवून दुसरी कापायची, हे मी शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी सांगते. मी उलटवलाच नाही. कापड उरलं नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. कापलेल्या बाह्यांकडे बघत बसले, आणि वाईटसुद्धा वाटलं नाही.

गाठही डावीकडेच आहे म्हणून तू लगेच संबंध जोडशील. जोडू नकोस.

स्टुलावरून पडले तेव्हा बरगडी बघायला तूच नेलंस. फोटोत बरगडी धड निघाली आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, "आजी, ही चुकून दिसली. बहुतेकांना जन्मभर कळतही नाही." रक्त तपासलं, लघवी तपासली. काही वाईट नाही, सहा महिन्यांनी परत फोटो काढू, म्हणाला. जिन्यात तू मला मिठी मारलीस. "सुटलीस गं आजी!" आणि रिक्षा बोलवायला पळालीस.

मी काही सुटले नाही, बाई. अडीच सेंटीमीटर म्हणाला, ते मी घरी येऊन टेपवर बघितलं. कोटाच्या बटणाएवढं. तेव्हापासून गिऱ्हाईकाची कंबर मोजताना टेपवरची नजर त्या अडीचवरच थांबायची. जिना चढताना छाती धडधडली की वाटायचं, तीच. नाही धडधडली तरी वाटायचं, गप्प का बसली. पहिले दोन महिने हे चाललं. मग तेही थांबलं आणि काहीच वाटेनासं झालं. जेवते, शिवते, झोपते.

तुझ्या भावाची मुलगी मांडीवर ठेवली, तेव्हा गिऱ्हाईकाचं गाठोडं धरावं तशी धरली. सगळे बघत होते म्हणून हसले. हे कोणाला सांगू नकोस.

आता मूळ गोष्ट. फोटोची तारीख तीन आठवड्यांपूर्वी होती. तुझा बाप सोबत येतो म्हणाला, मीच नको म्हटलं. चपला घातल्या, फाईल पिशवीत टाकली आणि दुकानातल्या स्टुलावर बसले. भीती वाटली असती तर घाबरत का होईना गेले असते. संध्याकाळी तुझी आई डोकावली. "आलात? काय म्हणाले?" मी म्हटलं, "ठीक आहे म्हणाले." तिनं चहा टाकला. फाईल कोणी मागितली नाही. सगळ्यांना ठीकच ऐकायचं होतं.

फाईल कोटाच्या त्या कापलेल्या कापडात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. माझा हात पोचतो, पण मी काढत नाही. तू येऊन काढ, आणि मला घेऊन चल. आत तूही यायचं, बाहेर फोन बघत बसायचं नाही. गाठ वाढली असो, नसो, हे न वाटण्याचं काय करायचं तेही त्या डॉक्टरला तूच विचार. माझ्या तोंडून निघणार नाही. वाटेत नवं कापड घेऊ. या वेळी बाह्या तुझ्यासमोर कापीन.

याचं उत्तर तू लिहायचं. बापानं नाही, आईनं नाही, बटणवाल्यानं तर नाहीच. कोणत्या वारी येतेस तेवढंच लिही. "काही नसतं गं आजी" असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

आजी